दोन्ही टोकांनी

माल्पिकाच्या धक्क्यावर आम्ही अकरा बायका
पायाच्या अंगठ्यात अडकवून जाळं ताणतो,
आणि सांधतो.
फाटकं डोळ्यांना दिसतं ते मोठं.
बारीक असतं ते हाताला लागतं.

माझं बारीक होतं.
ओटीपोटात नुसतं जड.
पाळी सरली तरी दोन-तीन डाग,
चड्डीला पिवळट ओल, तिला वास.
ओबदुलिया म्हणाली, दगडावर बसून गारठा शिरलाय,
कॅमोमाइलचा काढा घे.
घेतला.
मग जळजळ. गावातल्या पोरगेल्या डॉक्टरनं
लघवी तपासून पाच गोळ्या दिल्या.
तिसऱ्या दिवशी बरं वाटलं. उरलेल्या दोन
अजून आहेत खणात, दोऱ्याच्या रिळांमागे.

सां शुआनच्या रात्री किनाऱ्यावर जाळ पेटले,
सार्डिनचा धूर, सगळ्यांच्या उड्या.
मीही मारली. नऊ वेळा मारायची असते.
चौथ्या उडीला वाळूवर पाय टेकले
आणि उजवीकडे खोल
गळ लागला.

आ कोरुन्याला पोचेपर्यंत एकोणचाळीस ताप.
अपेंडिक्स, म्हणाला पहिला.
दुसरा म्हणाला, बघू.
तिसरी बाई होती, इरिया कास्तिन्येइरा,
तिनं हातमोजा घालून
दोन बोटांनी पिशवीचं तोंड जरासं हलवलं,
जरासंच,
आणि मी छताच्या दिव्याला हात लावायची राहिले.
"हेच निदान," ती म्हणाली,
"बाकीचे कागद साक्षीला."

तरी कागद झाले. रक्त. कापसाच्या काड्या.
गर्भ नाही ना, याची खात्री.
मग थंड जेली, आणि पडद्यावर
धुक्यातल्या बंदरासारखं काहीतरी माझं.
तिनं पाठकोऱ्या कागदावर पेअर काढलं, त्याला दोन हात.
"इथून आत आलं. इथं थांबलं असतं
तर गोळ्यांवर भागलं असतं.
तू काढा पीत होतीस तेव्हा इथं होतं, नळीत.
आता नळीच्या टोकाशी पू आहे, पाच सेंटिमीटर.
आणि वर, यकृतापाशी, चिकटलेले धागे,
व्हायोलिनच्या तारांसारखे."

व्हायोलिन मी हातात धरलेलं नाही.
पण डांबर लावलेला दोर वाळताना
शेजारच्या दोराला कसा धरतो, ते ठाऊक आहे.
सोडवायला गेलं तर दोन्ही सोलतात.

"मूल?"
"एक नळी उघडी असेल. असेलच असं नाही."
जाळ्यासारखं सांधता येत नाही, हे ती म्हणाली नाही.
माझ्या हातांकडे बघितलं फक्त.
मग, सलाइनची गती लावता लावता,
"नवऱ्यालाही औषध लागेल."
"त्याला काही होत नाहीये."
"म्हणूनच."

शाकोबे ग्रान सोलात, एकोणीस दिवस झालेले.
बोटीवर एकच फोन, कप्तानाच्या खोलीत,
आणि त्या खोलीचं दार कधी लागत नाही.
कप्तान ऐकणार, आचारी ऐकणार,
संध्याकाळी अख्खं माल्पिका.
मी म्हटलं,
"जाळं फाटलंय. माझ्या टोकानं सांधतेय,
तुझ्या टोकानं तू सांध.
बंदराला लागलास की आधी डॉक्टर, मग घर."
पलीकडे इंजिन. खूप वेळ इंजिन.
"बरं," तो म्हणाला.
कुठून, कधी, हे मी विचारलं नाही.
त्यानंही विचारलं नाही. ते अजून
आमच्यात आहे, न सोललेलं.

चौदा दिवसांच्या गोळ्या चौदा दिवस घेतल्या.
शेवटची गोळी गिळून पाकीट उलटं करून पाहिलं.

आता धक्क्यावर उशी घेऊन बसते.
ओबदुलिया काही बोलत नाही, काढ्याचा थर्मास
हल्ली पलीकडच्या बाजूला ठेवते.
शेजारी नोएला, एकवीस वर्षांची,
सुई चालवता चालवता मधेच थांबते,
मुठीनं ओटीपोट दाबते, पुन्हा सुई.
काल दोनदा. आज सकाळपासून चारदा.

मी अंगठ्यातून जाळं सोडते.

"कधीपासून?"